खाडीतील शिंपल्यांचे संशोधन : नाव, मोजमाप आणि नियम

१

पिंपळनेरच्या परिसरात 'कालवे' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात शेताला पाणी नेणारे पाट उभे राहतात. मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या बाजारात तोच शब्द उच्चारला असता विक्रेती खडकावरून खरवडून काढलेल्या शिंपल्यांतील मांस पुढे करते. पहिल्या ठिकाणी तो 'कालवा' ह्या शब्दाचे अनेकवचन असतो, दुसऱ्या ठिकाणी 'कालव' ह्या शब्दाचे. रूप एकच, वस्तू मात्र अगदी भिन्न. असे योगायोग प्रत्येक भाषेत आढळतात आणि एरवी त्यांना फारसे महत्त्वही नसते. परंतु एका प्रदेशातील माणसाला दुसऱ्या प्रदेशाचा प्रश्न किती परका वाटू शकतो, हे त्यावरून ध्यानात येते. समुद्रकिनाऱ्यावरील शिंपल्यांचा ऱ्हास हा खानदेशच्या अभ्यासकाला आपला प्रश्न वाटत नाही, ह्यात नवल नाही.

तथापि हा परकेपणा वरवरचा आहे. पिंपळनेरवरून वाहणारी पांझरा मुडावदजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या खाली अरबी समुद्राला मिळते. नदीमुखाशी गोडे व खारे पाणी जेथे एकत्र येते, तेथेच कालवे आणि तिसऱ्या वाढतात. वरच्या खोऱ्यात पाणी किती अडले, गाळ किती सुटला, ह्यावर मुखाशी जगणाऱ्या जीवांचे भवितव्य ठरते. दुसरे असे की, सर्वांच्या मालकीच्या आणि म्हणूनच कोणाच्याही हातून उधळल्या जाऊ शकणाऱ्या संपत्तीचे नियमन कसे करावे, ह्या प्रश्नाचे एक जुने उत्तर पांझरेच्या खोऱ्यातच उपलब्ध आहे. त्याचा विचार लेखाच्या अखेरीस येईल.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे : महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील शिंपल्यांविषयी संशोधन झालेच नाही, असे नाही; ते लवकर सुरू झाले आणि त्यातील काही उत्तम दर्जाचेही होते. परंतु संरक्षणासाठी लागणारी तीन अंगे, म्हणजे वस्तूचे निश्चित नाव, तिचे सातत्यपूर्ण मोजमाप आणि त्यावर उभारलेला नियम, ही एकत्र कधी आली नाहीत. समन्वय ह्याचा अर्थ संस्थांच्या बैठका असा घेण्याची प्रथा आहे. वास्तविक ह्या तीन अंगांचा सांधा जुळणे हाच समन्वय होय.

२

प्रथम नावाचा विचार करू. 'शिंप', 'शिंपी', 'शिंपला' ह्या शब्दांचा संबंध संस्कृत 'शुक्ति' शी जोडण्याकडे सामान्य कल असतो. परंतु ध्वनिदृष्ट्या ते पाली 'सिप्पी' आणि प्राकृत 'सिप्पि' ह्यांना अधिक जवळचे आहेत, आणि तमिळमधील 'इप्पि', 'चिप्पि' ही रूपे पाहता हा शब्द द्राविडी भाषांच्या संपर्कातून आला असावा, असे मानण्यास जागा आहे. किनाऱ्यावरील वस्तूंची नावे किनाऱ्याने हिंडतात. ती ग्रंथांतून उतरत नाहीत.

ह्या सामान्य नामाखाली वेचणाऱ्यांनी जी विशेष नावे ठेवली आहेत, त्यांची समृद्धी लक्षणीय आहे. तिसऱ्या, शिवल्या, खुबे, मुळे, कालवे, शिनाणे ही त्यांतील काही. कालवे खडकाला वा खारफुटीच्या मुळांना चिकटून राहतात आणि ती कोयत्याने फोडावी लागतात. शिनाणे तंतूंनी खडकाला धरून राहतात. तिसऱ्या व खुबे चिखलात किंवा वाळूत पुरलेले असतात आणि ओहोटीच्या वेळी हातापायांनी चाचपून काढले जातात. म्हणजे ह्या नावांत वस्तूबरोबरच तिचे ठिकाण, ती काढण्याची रीत आणि पाण्याची वेळ ह्यांचे ज्ञान साठवलेले असते. हे ज्ञान बहुतांशी स्त्रियांकडे आहे, कारण खाडीतील वेचणीचे काम प्रामुख्याने त्याच करतात.

परंतु ह्या नावांच्या सीमा खाडीगणिक सरकतात. एका खाडीत ज्याला तिसरी म्हणतात तीच जाती दुसऱ्या खाडीत दुसऱ्या नावाने ओळखली जाते, आणि एकच नाव दोन-तीन भिन्न जातींना लावले जाते. बोलीच्या दृष्टीने ह्यात काहीच वावगे नाही. संख्येच्या दृष्टीने मात्र फार मोठी अडचण आहे. एका खाडीतील 'तिसऱ्या' घटल्या आणि दुसऱ्या खाडीतील 'तिसऱ्या' वाढल्या, ह्या दोन विधानांची बेरीज करता येत नाही. कारण ती एकाच प्राण्याविषयी आहेत की नाहीत, हेच निश्चित नसते.

शास्त्रीय नावांनी ही अडचण सुटते अशी समजूत आहे. ती पूर्णांशाने खरी नाही. ज्या हिरव्या शिनाण्याला १९७० च्या दशकातील निबंधांत 'मायटिलस व्हिरिडिस' म्हटले आहे, तो आज 'पर्ना व्हिरिडिस' ह्या नावाने ओळखला जातो. रत्नागिरीच्या तिसऱ्यांवरील जुने काम 'कॅटेलिसिया ओपिमा' ह्या नावाखाली आहे. पुढे ही जाती 'मार्सिया' प्रजातीत घालण्यात आली. ज्या कालवांना अनेक दशके 'क्रॅसोस्ट्रिया' म्हटले गेले, त्यांतील आशियाई जातींना अलीकडे 'मॅगॅलाना' ह्या प्रजातीत स्थान मिळाले आहे. हे बदल शास्त्राच्या प्रगतीचेच निदर्शक आहेत. पण जुने नाव ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याच्या हाती जुनी आकडेवारी लागत नाही आणि मग घट झाली की नाही हे ठरवण्यास आधारच उरत नाही. लोकनाम स्थलाने बदलते, शास्त्रीय नाव कालाने बदलते. दोहोंना जोडणारी सूची नसेल तर दोन्ही मुकी होतात.

३

आता संशोधनाचा इतिहास पाहू. शिंपल्यांच्या ऱ्हासातूनच परिस्थितिविज्ञानातील एक मूलभूत संकल्पना जन्मास आली, ही गोष्ट येथे नमूद करणे उचित होईल. १८७७ साली कार्ल म्यॉबियस ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने श्लेस्विग-होल्श्टाइनच्या किनाऱ्यावरील कालवांच्या थरांवर ग्रंथ लिहिला. कालवांचा थर म्हणजे केवळ कालवांचा साठा नसून परस्परांवर अवलंबून असलेल्या जीवांचा एक समुदाय आहे, असे त्याने प्रतिपादन केले आणि त्या समुदायासाठी 'बायोसिनोसिस' हा शब्द घडवला. अतिरिक्त उपशामुळे तो समुदायच मोडतो आणि मग उपसा थांबवूनही कालवे परत येतीलच असे नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. नवीन वस्तुस्थिती सांगावयाची तर नवे नाव लागते, ह्याचेही हे उदाहरण आहे.

पश्चिम भारतात ह्या विषयाकडे प्रथम लक्ष गेले ते प्रामुख्याने उत्पन्नाच्या दृष्टीने. बडोदे संस्थानासाठी जेम्स हॉर्नेल ह्याने ओखामंडळाच्या सागरी प्राणिसृष्टीची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९०९ साली प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यातील शिंपल्यांच्या मासेमारीविषयी एच. एस. राय ह्यांचे लेखन १९३२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. स्वातंत्र्याच्या वर्षीच, १९४७ साली, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्थापन झाली. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले. आणि १९५८ साली रत्नागिरी येथे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय गोव्यात आले. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आणि १९८१ साली त्याच्या अंतर्गत रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय निघाले. संस्थांची वाण होती, असे म्हणता येणार नाही.

ह्या कामात समुद्रापासून दूरच्या विद्यापीठांचाही वाटा होता, ही गोष्ट खानदेशच्या वाचकाने विशेष लक्षात घ्यावी. १९७० च्या दशकात औरंगाबादच्या तत्कालीन मराठवाडा विद्यापीठातील प्राणिशास्त्र विभागात आर. नागभूषणम् आणि यू. एच. माने ह्यांनी रत्नागिरीच्या काळबादेवी खाडीतील तिसऱ्यांचे आणि तेथील शिनाण्यांचे प्रजनन, वाढ व क्षारतेशी जुळवून घेण्याची क्षमता ह्यांचा अभ्यास केला. मान्सूनमध्ये खाडीतील क्षारता एकाएकी उतरते. त्या वेळी हे प्राणी शिंपा घट्ट मिटून घेतात आणि पाणी पुन्हा खारट होईपर्यंत काळ कंठतात. त्यांचे प्रजनन ह्या ऋतुचक्राशी निगडित असते. वेचणी केव्हा थांबवावी हे ठरवण्यासाठी नेमकी हीच माहिती लागते.

म्हणजे १९७० च्या दशकाअखेर महाराष्ट्राच्या एका तरी खाडीपुरते जीवशास्त्र बऱ्याच अंशी ज्ञात होते. परंतु हे ज्ञान इंग्रजी नियतकालिकांत राहिले. ज्या स्त्रिया त्या खाडीत उतरत होत्या त्यांच्या भाषेत ते आले नाही, आणि मत्स्यव्यवसायाच्या नियमांतही ते उतरले नाही. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाचा रोख स्वाभाविकपणे नौका आणि जाळी ह्यांवर राहिला. होडीशिवाय, जाळ्याशिवाय, गुडघाभर चिखलात उभी राहून शिंपल्या वेचणारी स्त्री अशा नियमनाच्या दृष्टिपथात सहसा येत नाही. तिचा माल बंदरावर उतरत नाही. तो टोपलीतून थेट बाजारात जातो आणि वाट्यांनी विकला जातो. वाट्याला वजन नसते. त्यामुळे बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या गणनेतून तिच्या कष्टाचा आणि खाडीच्या घटीचा असा दोहोंचाही मोठा भाग निसटतो.

४

मोजमाप वेळीच झालेले असेल तर काय साधते, ह्याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात मिळते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील ए. एच. परुळेकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा येथील तिसऱ्यांच्या थरांची पाहणी करून १९७३ साली ती प्रसिद्ध केली. त्या वेळी ही एक साधी वर्णनात्मक पाहणी होती. पुढे लोहखनिजाच्या खाणींतील टाकाऊ माती नद्यांवाटे खाडीत येऊन साचू लागली, तेव्हा त्याच अभ्यासकांना जुन्या स्थितीशी नव्या स्थितीची तुलना करता आली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तिसऱ्यांच्या उत्पादनात ७० टक्क्यांहून अधिक घट झाल्याचे नोंदवलेले आहे. गाळाने तळ झाकला गेला, पाण्यातील प्राणवायू कमी झाला आणि मूळची प्राणिसृष्टी जवळजवळ नाहीशी झाली, असे त्यांनी दाखवून दिले.

ह्या उदाहरणातून दोन बोध मिळतात. पहिला असा की, संकट येण्यापूर्वी केलेली पाहणी ही निरुपयोगी विद्वत्ता नसते. तिच्याअभावी पुढे घट सिद्धच करता येत नाही. दुसरा बोध अधिक कटू आहे. ऱ्हासाचे कारण येथे वेचणाऱ्यांच्या हातात नव्हते. त्यांनी कितीही संयम पाळला असता तरी खाणीची माती थांबली नसती. म्हणून नियम केवळ खाडीत उतरणाऱ्यांवर घालून भागत नाही. खाडीच्या वर जे नदीचे खोरे आहे, तेथपर्यंत तो पोचावा लागतो. वाळूचा उपसा, खारफुटीची तोड, सांडपाणी आणि धरणांमुळे बदललेला गोड्या पाण्याचा प्रवाह ह्या सर्वांचा हिशेब त्यात यावयास हवा.

५

तीनही अंगे एकत्र आल्याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात आढळते. तेथील पिवळ्या पायाच्या शिंपल्यांना थायलंड, मलेशिया आदी देशांतून मागणी येऊ लागल्याने १९८० च्या दशकात व्यापारी वेचणी वाढली. १९९१ च्या सुमारास वार्षिक उत्पादन १०,००० टनांपर्यंत पोचले आणि १९९३ मध्ये ते निम्म्यावर आले. ह्या वेळी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची निरीक्षणे हाताशी होती. त्यांच्या आधारे प्रजननाच्या मोसमात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, वेचणी बंद ठेवण्यात आली. जाळ्याच्या छिद्राचे किमान माप ३० मिलिमीटर ठरले. निर्यातीच्या मांसात एका किलोमागे १४०० हून अधिक नग भरतील इतका लहान माल नको असे ठरले. आणि यांत्रिक साधनांना मज्जाव झाला. उत्पादन सावरले. पुढे वेचणारे, शासन आणि संशोधक ह्यांचा समावेश असलेली समिती तेथे काम करू लागली. २०१४ साली मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळवणारे ते भारतातील पहिले मत्स्यक्षेत्र ठरले.

ह्या यशाकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. त्यानंतरच्या वर्षांत अष्टमुडीतील उत्पादन पुन्हा खालावले. दक्षिण अमेरिकेकडील 'मायटेला स्ट्रायगाटा' हा उपरा शिनाणा तेथे फैलावला आणि त्याने तळाची जागा व्यापली. २०२४ साली केंद्रीय संस्थेला उबवणी केंद्रात तयार केलेले शिंपल्यांचे बीज सरोवरात सोडून साठा पुन्हा उभारण्याचा प्रयत्न हाती घ्यावा लागला. ह्यावरून १९९३ चा नियम व्यर्थ होता असे सिद्ध होत नाही. मोजमाप चालू राहिले म्हणूनच दुसरी घट वेळीच ध्यानात आली आणि तिचे कारण पहिल्या घटीहून वेगळे आहे, हेही कळले. नियम हा एकदा करून ठेवण्याचा पदार्थ नव्हे. मोजमापाबरोबर तोही बदलता ठेवावा लागतो.

६

महाराष्ट्रात काय करता येईल, ह्याचा विचार करताना पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धतीकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही. नदीवर बंधारा घालून पाट काढावा, पाटाखालील जमीन फडांत विभागावी, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावे आणि पाण्याची पाळी ठरलेल्या क्रमाने सर्वांना मिळावी, अशी ही व्यवस्था पिंपळनेर, सामोडे आणि आसपासच्या गावांत शतकानुशतके चालत आली. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवावयाचे आणि कोणते पडीक ठेवावयाचे, हे गावकरी आधी ठरवीत. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे असे. शेतकरी स्वतः पाट फोडत नसे.

ह्या पद्धतीचा गाभा पाहिला तर तीच तीन अंगे तेथे दिसतात. प्रत्येक फडाला, बंधाऱ्याला आणि पाटाला नाव होते आणि ते सर्वांना एकाच अर्थाने कळत होते. पाण्याचे मोजमाप पाळीच्या रूपाने होत होते. आणि तुटीच्या वर्षी किती भाग बंद ठेवावयाचा, हा नियम त्या मोजमापावर आधारलेला होता. खाडीतील काही भाग प्रजननाच्या मोसमात आळीपाळीने बंद ठेवण्याची कल्पना जेव्हा परदेशी ग्रंथांतून मांडली जाते, तेव्हा ती खानदेशच्या शेतकऱ्याला नवीन वाटण्याचे कारण नाही. विसाव्या शतकात मोठी धरणे आणि विहिरी वाढल्यावर फडांची घडी पुष्कळ ठिकाणी विस्कटली. ती विस्कटली तेव्हा पाण्याबरोबरच त्या व्यवस्थेची परिभाषाही व्यवहारातून निघून जाऊ लागली, हे येथे विशेष महत्त्वाचे.

फड आणि खाडी ह्यांत भेद आहेत, ते विसरून चालणार नाही. शेताची हद्द दिसते, चिखलाखालील थराची दिसत नाही. शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क कागदावर असतो, वेचणारीचा खाडीवरील हक्क बहुधा केवळ वहिवाटीने असतो. म्हणूनच खाडीच्या बाबतीत नोंदीचे महत्त्व अधिक. अशा नोंदीसाठी कायद्याने एक साधन दिलेले आहे. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. त्या नोंदवहीत स्थानिक नावाला स्थान आहे. वैतरणा, धरमतर, राजपुरी, दाभोळ, काळबादेवी, भाट्ये, जैतापूर, विजयदुर्ग अशा प्रत्येक खाडीसाठी लोकनाम, त्याखाली मोडणाऱ्या जाती, त्यांची जुनी व नवी शास्त्रीय नावे, वेचणीचे ठिकाण, मोसम आणि वाट्यात साधारण किती वजन भरते, एवढ्या गोष्टी एका ठरावीक नमुन्यात नमुन्याच्या शिंपांसह नोंदवल्या, तर तीनही अंगांचा पाया एकाच वेळी घातला जाईल. हे काम एकट्या प्राणिशास्त्राचे नाही. शब्दाचा अर्थ कोणत्या वस्तूपर्यंत पोचतो आणि कोठे थांबतो, हे तपासणे हा बोलीविज्ञानाचा विषय आहे आणि त्याच्या पद्धती सिद्ध आहेत.

ह्या कामाला घाई आहे, आणि ती केवळ शिंपल्यांसाठी नाही. सिंधुदुर्गात गेल्या दशकात स्त्रियांच्या बचत गटांनी कालवे आणि शिनाणे ह्यांची जोपासना करून पाहिली आहे. तो उद्योग वाढला तरी तो मुळात खाडीतल्या निरोगी साठ्यावरच अवलंबून राहणार. उलट ज्या खाडीत तिसरी मिळेनाशी होते, तेथील मुलगी आईबरोबर ओहोटीला जाण्याचे सोडते, आणि एका पिढीत तिसरी, खुबा आणि मुळा ह्यांतील भेद सांगणारे कोणी उरत नाही. त्यानंतर संशोधक तेथे गेला तर त्याला प्राणी कदाचित सापडेल. परंतु तो पूर्वी किती होता, कोठे होता आणि कोणत्या महिन्यात भरलेला असे, हे सांगणारा साक्षीदार सापडणार नाही. फडांच्या बाबतीत खानदेशाने ही हानी काही अंशी सोसली आहे. समुद्रापासून दूर असलेल्या येथील विभागांनी खाडीच्या ह्या कामात हात घालण्यास तो अनुभव पुरेसे कारण आहे.